कमरेचे पिस्तूल आणि मानेचा पट्टा

पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एक नवीनच प्रश्न चर्चेस येऊ लागला आहे. सुट्टीत शिरूरकडे घोड नदीच्या काठी किंवा दौंडकडे भीमेच्या काठी तंबू ठोकून दोन रात्री काढाव्या, मुलांस तारे दाखवावे, मोराच्या चिंचोलीस जाऊन मोर पाहावे, हुरड्याच्या दिवसांत शेतावरच मुक्काम करावा, ही हौस आता चांगली रूढ झाली आहे आणि ती वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु हौसेच्या पाठोपाठ 'बरोबर हत्यार कोणते न्यावे?' हा प्रश्न येतो. आणि मग रिव्हॉल्व्हर बरे की पिस्तूल बरे, नळी केवढी असावी, काडतुसे किती भरावी, यांवर ज्यांनी जन्मात चाप ओढलेला नाही अशा गृहस्थांचे पांडित्य चहाच्या पेल्याबरोबर वाहू लागते. बिबट्याचे भय आणि चोराचे भय, या दोन भयांस्तव कुटुंबवत्सल पुरुषाने कमरेस पिस्तूल बांधलेच पाहिजे, असा निकाल अखेरीस लागतो. हा निकाल चुकीचा आहे, आणि तो देणाऱ्यांनी ज्या भूमीविषयी तो दिला तिच्याकडे नीट पाहिलेले नाही, एवढे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल करू. भय खोटे नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व शेजारचे जांबूत या गावांच्या शिवारात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवघ्या तीन आठवड्यांच्या आत बिबट्याने तीन बळी घेतले: एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा संताप अनावर झाला, वनखात्याची गाडी जळाली, मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडविला गेला. अशा वेळी शहरात बसून 'बिबट्या हा मूळचा लाजाळू प्राणी आहे' असे प्रवचन झोडणाऱ्यांचा आम्हांसही तिटकारा येतो. ज्या घरातील मूल गेले त्या घरास प्राणिशास्त्र सांगू नये. आमचा वाद भयाशी नाही. भयावर जो उपाय सुचविला जातो त्याच्याशी आहे.

त्याच पिंपरखेडच्या शेतकऱ्यांनी व शेतमजूर स्त्रियांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला, आणि तो वृत्तपत्रांतून साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. अणकुचीदार खिळे बाहेर काढलेले पट्टे त्यांनी गळ्यात घातले. कुत्र्याच्या गळ्यात धनगर घालतो तसले. ते चित्र पाहून कोणास हसू आले असेल, कोणास लाज वाटली असेल. आम्हांस लाजच वाटली. परंतु त्या पट्ट्यात जे शहाणपण आहे ते आमच्या दिवाणखान्यातील सगळ्या पिस्तूलचर्चेत नाही. त्या स्त्रीस ठाऊक आहे की बिबट्या समोरून येत नाही. तो दबा धरतो, पाठीमागून येतो, मान धरतो. खुरपणीस वाकलेले, शौचास बसलेले, किंवा उंचीनेच लहान असलेले माणूस त्याच्या नजरेस माणूस म्हणून भरतच नाही. म्हणून तिने मान राखली. पिस्तूलवाला मात्र असे धरून चालतो की शत्रू दहा पावलांवर समोर उभा राहील, डरकाळी फोडील, आणि आपण पट्ट्यातून हत्यार काढून, अडक सोडून, नेम धरीपर्यंत सभ्यपणे थांबेल. हे चित्र चित्रपटातले आहे. उसाच्या बांधावरचे नाही.

हत्याराचाही थोडा विचार करू. परवान्यावर सामान्य नागरिकास आपल्या देशात जे रिव्हॉल्व्हर बहुधा मिळते ते .३२ बोअरचे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे असेच एक हलके, सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल म्हणून मोठ्या गाजावाजाने बाजारात आणले. त्याची किंमत करासकट सव्वा लाखाच्या घरात होती. आखूड नळी, हलकी गोळी, आणि हाताच्या किंचित कंपाने हातभर चुकणारा नेम, हे या हत्याराचे स्वरूप. दिवसाउजेडी, सराव असलेल्या माणसाने, स्थिर निशाणावर थोड्या पावलांवरून ते चालवावे, हे ठीक. रात्री, कंदिलाच्या उजेडातून एकदम अंधारात पाहताना, बायको-मुले भोवती झोपलेली असताना, झेपावणाऱ्या श्वापदावर ते चालविणे म्हणजे बिबट्यापेक्षा स्वतःच्या पोरांस अधिक धोका. आणि गोळी लागलीच तर? जखमी बिबट्यासारखे भयंकर जनावर नाही, हे जुने शिकारी सांगत आले. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ पासून आठ वर्षांत सव्वाशे माणसे मारली. त्यास जिम कॉर्बेटने २ मे १९२६ रोजी मारले ते रायफलीने, आणि तेही कित्येक रात्री मचाणावर जागून काढल्यावर. पिंपरखेडचा बिबट्या मारला गेला तोही ड्रोनने माग काढून, आधी बेशुद्धीचे इंजेक्शन डागून पाहिल्यावर आणि ते फुकट गेल्यावर, नेमबाजांच्या गोळ्यांनी. ज्या कामास असली तयारी लागते ते काम कारकुनी बोटांनी पर्समधल्या रिव्हॉल्व्हराने उरकेल असे मानणे, यास धैर्य म्हणत नाहीत.

कायद्याकडे पाहिले तरी हेच दिसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी मागितलेली, नळी वीस इंचांहून कमी नसलेली साधी बंदूक, आणि खरोखरीच्या पीकरक्षणासाठी मागितलेली ठासणीची बंदूक, यांस एका पंक्तीस बसविले. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांस दुसऱ्या. या दुसऱ्या पंक्तीत अर्जदारास सबळ कारण आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. २०१६ च्या नियमांनी हत्यार हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला आवश्यक केला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगावयाच्या हत्यारांची संख्या तिनावरून दोनावर आणली. हा भेद कोणा साहेबाच्या लहरीतून निघालेला नाही. जे हत्यार खिशात मावते ते रागाच्याही हाताशी असते, एवढे कायद्यास ठाऊक आहे. दुसरीकडे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बिबट्यास पहिल्या परिशिष्टाचे कवच दिले असले, तरी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्‌हेतूने तो मारला गेला तर तो अपराध नाही, असेही त्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमात लिहिले आहे. तेव्हा 'कायदा आम्हांस मरू देतो' ही ओरड खरी नाही.

आता कोणी म्हणेल, बिबट्याचे राहू द्या; चोरदरोडेखोरांचे काय? आडरानातील तंबूवर चौघे चालून आले तर? या आक्षेपास आम्ही दौंडचेच उत्तर देतो. दौंड हे मोठे जंक्शन तसेच राज्य राखीव पोलीस दलाचेही ठाणे; तेथे बंदूक ही नवलाची वस्तू नाही. त्याच दौंडात जानेवारी २०१८ मध्ये राखीव दलातीलच एका माणसाने भर शहरात तिघांस गोळ्या घालून ठार केले. तो शिकलेला, कवायत केलेला, हत्याराची शपथ घेतलेला माणूस होता. क्रोध आवरण्याचे शिक्षण मात्र त्यास कवायतीने दिले नव्हते. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच तालुक्यातील एका कलाकेंद्रात गोळी झाडली गेल्याचे प्रकरण गाजले. तेथे ना बिबट्या होता ना दरोडेखोर. या दोन गोष्टी आम्ही कोणास हिणविण्यासाठी सांगत नाही. पिस्तूल ज्या भयासाठी घरात येते त्या भयाच्या कामी ते क्वचित पडते. भाऊबंदकी, देणेघेणे, मद्य आणि मानापमान यांच्या कामी ते सहज पडते, एवढेच दाखवावयाचे आहे. चोरास तंबूत पैसे व दागिने हवे असतात. ते न्यावयाचेच नाहीत, हा उपाय पिस्तुलाहून स्वस्त आहे. आणि पिस्तूल हीही चोराने न्यावी अशीच एक मोलाची चीज आहे, हे विसरू नये.

दुसरा एक आक्षेप याहून भारदस्त आहे, व तो करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. ते म्हणतात, १८७८ च्या कायद्याने इंग्रजाने गोऱ्यांस सूट ठेवून आमचे राष्ट्र निःशस्त्र केले. राष्ट्रीय सभेने त्या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे उपासक गांधीजी, त्यांनीदेखील १९१८ साली खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या पत्रकात त्या कायद्यास इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरविले. मग स्वराज्यात आम्ही पिस्तूल मागितले तर तुम्ही नाके का मुरडता? घोड नदीच्या काठी ज्या शिरूरात इंग्रजांची छावणी होती त्या शिरूरच्या शेजारी बसून हा प्रश्न विचारला की तो अधिकच बोचतो. पण त्या थोर पुरुषांची तक्रार काय होती ते तरी पाहा. एका अख्ख्या लोकसमूहास अविश्वासू व षंढ ठरविले गेले, ही ती तक्रार होती. समाजाच्या रक्षणाचा भार समाजाने उचलावा, ही त्यांची आकांक्षा होती. मोटारीतून दोन रात्रींच्या सहलीस जाणाऱ्या एकट्या गृहस्थाने आपल्यापुरते कमरेस भय बांधून न्यावे आणि शेजारच्या झोपडीकडे पाहूही नये, ही आकांक्षा त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा अपमान आहे.

आणि येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. त्या शिवारात जीव कोणाचा जातो? तंबूवाल्याचा नव्हे. ऊस तोडावयास दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या घालून राहतात; त्या कोपीस दार नसते, दिवा नसतो, संडास नसतो. आईबाप पहाटे काळोखात कोयता घेऊन फडात जातात आणि पोरे कोपीत राहतात. मेंढपाळाचे बिऱ्हाड तर उघड्यावरच असते. शेतकऱ्यास वीज रात्रीची मिळाली की पाणी धरावयास त्यास रात्रीच उसात शिरावे लागते. डिंभ्याच्या व घोडच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या गर्द पिकात बिबट्याची मादी पिले घालते. तोड सुरू झाली की तिचे छप्पर जाते. त्या ऊसतोडणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांस काम आहे. तिच्या हाती तुम्ही कोणते पिस्तूल देणार? 'शेतकऱ्यांनाच बंदुका द्या' असे म्हणणाऱ्यांनी अंधाऱ्या फडात दहा माणसे वावरत असताना पाचट सळसळले म्हणून झाडलेली गोळी कोणास लागेल, याचा विचार करावा.

घाईच्या शौर्याचे फळ या भागाने एकदा चाखले आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतर दिसेल तो बिबट्या पकडून दूर रानात सोडण्याचा धडाका चालला. आधीच्या वर्षांत माणसांवरील हल्ले सालीना सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. हा निष्कर्ष विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. माणसांवर हल्ले करू लागलेला बिबट्या मारावाच लागतो, हे आम्ही अमान्य करीत नाही. परंतु ते काम नेमबाजाचे आहे, सहल करणाऱ्याचे नव्हे.

म्हणून हत्यार निवडावयाचेच असेल तर ते असे निवडा. तंबू उसाला किंवा नदीकाठच्या झुडपांना लागून ठोकू नका. गावकरी सांगतील तेथे, घराजवळ ठोका. प्रखर बॅटरी, घुंगरांची काठी आणि मोठ्याने बोलत चालणारी सोबत ही तीन हत्यारे परवान्यावाचून मिळतात. मुलास एकटे बाहेर सोडू नका. लघवीस उठलेल्या माणसाबरोबर दुसऱ्याने उठावे. उरलेले मांस-अन्न तंबूभोवती टाकू नका, कारण त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. एवढेही पाळणे ज्यास जड वाटते त्याने घरी राहावे. नदीस त्याची वाट पाहावयाची नाही.

आणि ज्या सव्वा लाखास २०१४ साली निर्भयतेचे नाव कोरलेले रिव्हॉल्व्हर येत होते, त्या रकमेने किती कोप्यांस दार व सौर दिवा लागेल, याचा हिशेब शिरूरच्या बाजारात जाऊन कोणीही मांडून पाहावा. ज्यांचे ऐकले जाते, ज्यांचे अर्ज लवकर हलतात, ज्यांस वृत्तपत्रात लिहिता येते, ते आपले वजन पिस्तुलाच्या परवान्यासाठी खर्च करतात; दिवसा विजेसाठी, बंदिस्त गोठ्यासाठी, ऊसतोड्याच्या पोरांच्या सुरक्षित निवाऱ्यासाठी खर्च करीत नाहीत. तोपर्यंत आमच्या कमरेस पिस्तूल असेल आणि त्यांच्या मानेस खिळ्यांचा पट्टा. तो पट्टा त्यांच्या गळ्यात आहे. त्याची लाज आमच्या गळ्यात असावयास हवी.