व्यवहारविचार : नोंदवही आणि पहारेकरी

आकाशांतील ग्रह आणि पंचांगांतील ग्रह यांची फारकत झाली म्हणजे काय करावें, हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. जुन्या ग्रंथांवरून मांडलेलें गणित आणि वेधानें दिसणारी ग्रहस्थिति यांत अंतर पडूं लागलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत केरूनाना छत्रे यांनीं वेधाशीं जुळणाऱ्या गणितावर पंचांग काढण्याचा उपक्रम केला, आणि पुढें लोकमान्य टिळकांनीं दृक्प्रत्ययाचा पक्ष हिरीरीनें उचलून धरला. त्या वादाचें सार इतकेंच कीं, लिहिलेलें कितीही पूज्य असलें तरी डोळ्यांना दिसणाऱ्याशीं तें वेळोवेळीं पडताळून पाहिलें पाहिजे. आजचा आमचा विषय संगणकाच्या धंद्यांतला असला तरी त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. ज्या घरांतील मुलगा किंवा सून दुसऱ्यांच्या संगणकव्यवस्थेची देखभाल करणाऱ्या पेढींत नोकरीस आहे, त्या घरीं हा विषय रात्रीच्या जेवणाला उशीर करणारा म्हणून तरी परिचित असेलच.

प्रथम डोमेन म्हणजे काय तें पाहूं. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. अंक माणसाच्या स्मरणांत राहत नाहींत, म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं अंकांना नांवें जोडून देणारी व्यवस्था आंखली. या नांवालाच डोमेन म्हणतात. तें विकत मिळत नाहीं, भाडेपट्ट्यानें मिळतें. एका वेळीं एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. 'कॉम' या कुळांतील नांवाची मुदत सरली म्हणजे ४५ दिवसांपर्यंत, नोंदणी करणारी पेढी देईल तितकी, सवलत असते. नांव काढून टाकलें गेल्यास पुढील ३० दिवसांत जबर रक्कम भरून तें सोडवितां येतें. त्यानंतर ५ दिवसांनीं तें कोणाही परक्याला घेण्यास मोकळें होतें. नांवाबरोबर आणखीही गोष्टी संभाळाव्या लागतात : नांवावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदी, संकेतस्थळ खरें आहे अशी ग्वाही देणारें सर्टिफिकेट, आणि आपल्या नांवानें दुसरा कोणी पत्रें पाठवूं नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी. या सर्वांचें क्षेमकुशल तें डोमेनचें आरोग्य.

हें आरोग्य बिघडण्यास मोठा शत्रु लागत नाहीं, विस्मरण पुरतें. १९९९ सालच्या नाताळांत मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीकडून एका नांवाचें शुल्क भरावयाचें राहिलें आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपलीं पत्रें उघडतां येईनात. अखेर एका त्रयस्थ संगणकज्ञानें पदरचे ३५ डॉलर भरून तें नांव सोडविलें. त्याच कंपनीची टीम्स ही सेवा २०२० च्या फेब्रुवारींत एका सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळें कांहीं तास बंद पडली. पैसा, माणसें, ज्ञान यांपैकीं उणीव कशाचीच नव्हती. नेमक्या दिवशीं नेमक्या माणसाला आठवण झाली नाहीं, इतकेंच.

लहान संस्था हीं कामें बाहेरच्या पेढीकडे सोपवितात. अशा पेढीजवळ दोन साधनें असतात. पहिलें म्हणजे नोंदवही. आयटी ग्लू, हुडू हीं सॉफ्टवेअरें याच जातीचीं. कोणत्या गिऱ्हाइकाचें कोणतें यंत्र, कोणाकडे कोणता अधिकार, पासवर्ड कोठें, सर्व त्यांत लिहिलेलें असतें. दुसरें साधन पहारेकऱ्याचें. हें सॉफ्टवेअर रोज प्रत्येक नांवाची मुदत, नोंदी आणि सर्टिफिकेट तपासून बोंब ठोकतें. अडचण अशी कीं दोघांची गांठभेट नसते. वहींत गेल्या वर्षीं लिहिलेली तारीख तशीच राहते. पहारेकऱ्याला धोका दिसतो, पण हें नांव कोणाचें आणि कळवावयाचें कोणाला, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून दोहोंना जोडण्याची प्रथा आतां पडत आहे. एपीआय नांवाच्या मार्गानें पहारेकऱ्याचें निरीक्षण आपोआप वहींत उतरतें. हुडूसारख्या कांहीं वह्यांनीं तर लहानसा पहारेकरी पदरींच बाळगला आहे.

येथवर सर्व सोपें वाटतें. खरा पेंच पुढें आहे. वही एक सांगते आणि पहारेकरी दुसरें. खरें कोणाचें मानावें? न्यायशास्त्र शिकलेल्यांस हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पहारेकऱ्याचें ज्ञान तें प्रत्यक्ष, वहींतलें तें शब्द. मुदतीची तारीख, सर्टिफिकेटचा शेवटचा दिवस, नांव कोणत्या सर्व्हरकडे बोट दाखवितें, या बाबतींत प्रत्यक्षच प्रमाण. तेथें यंत्रानें वही खुशाल दुरुस्त करावी. परंतु नांवाचा खरा धनी कोण, शुल्क कोणाच्या कार्डांतून जातें, निर्णयाचा अधिकार कोणाचा, अमुक नांव विस्मरणानें सोडलें कीं बुद्धिपुरस्सर, हें कोणत्याही निरीक्षणांत दिसत नाहीं. तें जाणत्या माणसाच्या शब्दावरूनच कळतें. अशा रकान्यांना यंत्राचा हात लागूं देतां कामा नये. जे लोक 'सर्व आपोआप होऊं द्या' म्हणून दोन्ही बाजूंनीं मोकळी वाट ठेवतात, त्यांच्या वहींतील माणसानें लिहिलेलें शहाणपण एका रात्रींत पुसलें जाण्याचा संभव असतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, तफावत दिसली तर ती निमूटपणें मिटवूं नये. नांवाचा सर्व्हर अचानक बदललेला दिसला, तर तो कोणी सांगून बदलला असेल किंवा चोरानें बदलला असेल. वही नव्या माहितीप्रमाणें सुधारून गप्प बसली तर चोरीचीच नोंद अधिकृत होते. अशा प्रसंगीं कोणा जबाबदार माणसापुढें काम उभें राहिलें पाहिजे.

दुसरी गोष्ट, शेवटची तपासणी केव्हां झाली ही तारीख प्रत्येक नोंदीशेजारीं हवी. जोडणी तुटली तरी जुनी माहिती पडद्यावर हिरवीगार दिसत राहते आणि शांतता हेंच कुशल समजलें जातें. अमेरिकेंतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनींत असेंच झालें. जाणारी-येणारी माहिती न्याहाळणाऱ्या यंत्राचें सर्टिफिकेट कित्येक महिने कालबाह्य होतें. यंत्र चालू, पण तपासणी बंद. २०१७ च्या जुलैअखेर तें बदलतांच चोरी दृष्टीस पडली. तोंवर १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली होती.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. मुदत संपत आल्याची सूचना ज्या पत्त्यावर जावयाची, तो पत्ता त्याच नांवाचा नसावा. नांव मेलें कीं त्यावरची टपालपेटीही मरते. मग पुढच्या सर्व सूचना त्या बंद पेटीकडे धांवतात आणि वाचावयास कोणी नसतो.

पुढील काळांत ही निकड वाढणार आहे. सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. ती टप्प्याटप्प्यानें कमी करून १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा ठराव संबंधित मंडळानें एप्रिल २०२५ मध्यें केला आहे. वर्षांतून एकदां करावयाचें काम आठ वेळां आलें म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून तें निभणार नाहीं. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेनें ग्राहकांची फसवणूक टळावी म्हणून सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या कुळांतील नांव घेण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती. नांवाची शुद्धता हा आतां ठेवीदाराच्या पैशाचा प्रश्न झाला आहे.

गृहस्थाश्रमी वाचक म्हणतील, आमचा यांत संबंध काय? आहे. कोणाच्या घरीं लोणचीं-मसाल्यांचा धंदा आहे, कोणी शाळेचे किंवा देवस्थानाचे विश्वस्त आहेत. त्यांचें संकेतस्थळ कधीं काळीं एखाद्या होतकरू तरुणानें करून दिलेलें असतें. नांव त्याच्याच खात्यावर घेतलेलें, सूचना त्याच्याच पत्त्यावर जाणाऱ्या, आणि तो तर नोकरीनिमित्त दूरदेशीं गेलेला. अशा स्थितींत वीस वर्षें कमावलेलें नांव एखाद्या परक्याच्या हातीं जाणें अशक्य नाहीं. आणि त्या नांवावर येणारीं पत्रेंही मग त्या परक्यासच मिळूं लागतात.

म्हणून या महिन्यांत एक सायंकाळ काढून घरांतील जाणत्या मुलामुलींना सोबत घेऊन बसावें आणि चार प्रश्नांचीं उत्तरें घरच्या वहींत लिहून ठेवावीं : नांव कोणाच्या खात्यावर आहे, मुदत केव्हां संपते, शुल्क कोण भरतें, सूचना कोठें येते. मग प्रत्येक उत्तर प्रत्यक्ष स्थितीशीं ताडून पाहावें. जेथें अंतर पडेल, तेथें दुरुस्ती त्याच आठवड्यांत करावी, आणि पडताळणीची तारीख शेजारीं घालण्यास विसरूं नये.