मानेवरचा मळ

लग्न ठरले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे लक्ष वधूच्या मानेकडे जाते. “मळ साचला आहे, नीट घास,” असे काकू-मावशी सांगतात आणि न्हाणीघरात प्लास्टिकची खरखरीत घासणी येते. पुष्कळदा तो मळ नसतोच.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. केसाहूनही पातळ असा हा थर अंगातील ओलावा आत आणि जंतू बाहेर ठेवतो. साधारण महिनाभरात या पेशी आपोआप गळून पडतात. वय वाढते तशी ही गती मंदावते व कांती निस्तेज भासू लागते. सुटू पाहणाऱ्या पेशींना हलकेच निरोप द्यावा, एवढेच उटण्याचे काम. घट्ट बसलेल्या पेशी ओरबाडल्या तर दाह होतो, आणि सावळ्या-गव्हाळ वर्णात दाहामागून डाग येतो, तो महिनोन्महिने हटत नाही. पाठ, दंड, गळ्याजवळची हाडे येथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने आलेला काळपटपणा त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. काळे दिसते म्हणून घासायचे आणि घासल्यामुळे आणखी काळे व्हायचे! येथे घासणी टाकून देणे हाच पहिला उपचार होय.

मान किंवा काख मखमलीसारखी जाड व काळसर झाली असेल, तर गोष्ट अधिक गंभीर असते. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याची ती बहुधा खूण असते. दिवसभर पेढीवर बैठक आणि घराण्यात मधुमेह, अशा कुटुंबांनी तरुण मुलामुलींच्या मानेवरील ही खूण ओळखावी आणि उटण्याच्या आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. ती त्वचा कितीही घासली तरी उजळत नाही.

निरोगी त्वचेसाठी मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ उत्तम. मात्र ते वस्त्रगाळ हवे. भरड पीठ आणि अक्रोडाच्या कवचाची पूड चेहऱ्यावर ओरखडे काढतात. कोमट पाण्याने त्वचा ओली करून, दुधात किंवा दह्यात कालवलेले उटणे बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट फिरवावे, वाळून पापुद्रे निघेपर्यंत ठेवू नये. आठवड्यातून एकदा पुरे. नंतर अंग टिपून, किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. लिंबाचा रस व खाण्याचा सोडा स्वयंपाकघरातच शोभतात. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. तयार लेपांत कित्येकदा मध असतो, तेव्हा ज्या घरी तो वर्ज्य आहे त्यांनी डबीवरील घटक वाचावेत.

न घासता मृत पेशी सैल करणारी लॅक्टिक, ग्लायकोलिक व सॅलिसिलिक आम्लेही मिळतात. एका वेळी एकच, सौम्य प्रमाणात, रात्री लावावे आणि दिवसा सनस्क्रीन चुकवू नये. गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. पुवाळलेले मुरूम, इसब, उन्हाने भाजलेली किंवा नुकतीच वॅक्सिंग केलेली त्वचा यांना ना उटणे, ना आम्ल.

वधूला काही नवीन लावायचे असेल तर महिनाभर आधी हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. लग्नाच्या आठवड्यात फक्त नेहमीचेच उटणे वापरावे.