गाठ दुखत नाही म्हणून...

"दुखत नाही ना ताई, मग कशाला दाखवायचं? रोवणी आटोपू द्या, मग बघू."

माझी धाकटी जाऊ हे म्हणाली तेव्हा तिच्या मानेवर, कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ होती. ती ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात राहते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाची रोवणी सुरू झाली की बाईला आजारी पडायलाही सवड नसते. रोवणी झाली, निंदण आलं, मग गणपती, मग कापणी. तोवर गाठ लिंबाएवढी झाली. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामानं अंथरूण ओलं, वजनही उतरलेलं. दिवाळीनंतर एका डॉक्टरांना दाखवलं. "टीबीच असणार," ते म्हणाले आणि गोळ्या सुरू झाल्या. गाठीचा तुकडा काही कुणी तपासला नाही. तीन महिन्यांत एका गाठीच्या चार झाल्या, तेव्हा कुठे आम्ही तिला पहाटेच्या एसटीनं नागपूरला नेलं.

तिथे एक गाठ काढून तपासली. रिपोर्ट आला, हॉजकिन लिम्फोमा. म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. सासूबाईंनी एकच विचारलं, "किती दिवस राहिले तिचे?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, या आजाराचे बहुतेक पेशंट बरे होतात. आणि गंमत सांगू? हिच्या एवढ्या मोठ्या गाठीत कॅन्सरच्या पेशी अगदी मोजक्या आहेत. बाकी सगळ्या हिच्याच शरीराच्या."

हे मला नवीनच होतं. घरी आल्यावर मिळेल ते वाचलं, विचारलं. जे समजलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आपल्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. पण नुसत्या लढणाऱ्याच असत्या तर त्यांनी आपलंच शरीर खाल्लं असतं. म्हणून त्यांना आवरणाऱ्याही काही पेशी असतात. घरात भांडण वाढलं की "पुरे आता" म्हणणारी एखादी आजी असते ना, तशा. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या ओळखून दाखवल्या आणि 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयातल्या कामासाठी मिळालं.

कॅन्सरमध्ये ही आजी बहुतेकदा घात करते. शरीर गाठीवर तुटून पडायला निघतं आणि ही त्यालाच थांबवते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये या पेशी जास्त असल्या तर रुग्ण कमी जगतात, असं 2004 च्या एका अभ्यासात दिसलं. पण लिम्फोमात उलटंच निघालं. हॉजकिन लिम्फोमात या पेशी कमी असलेल्या रुग्णांची प्रकृती जास्त बिघडली, असं 2005 मध्ये आढळलं. फॉलिक्युलर नावाच्या दुसऱ्या प्रकारात त्या जास्त असलेले रुग्ण जास्त जगले, हे 2006 मध्ये दिसलं. असं का? शास्त्रज्ञांचा एक अंदाज असा की लिम्फोमात बिघडलेली पेशी मुळात याच पांढऱ्या पेशींच्या घराण्यातली. घरचंच पोर वाया गेलेलं. तेव्हा आजी त्यालाही दटावते.

पुढच्या सगळ्या अभ्यासांची उत्तरं मात्र एकसारखी आली नाहीत. पेशी किती, यासोबत त्या गाठीत नेमक्या कुठे बसल्या आहेत, हेही महत्त्वाचं ठरतं. म्हणून आज नेहमीच्या रिपोर्टात हा आकडा नसतो आणि त्यावर उपचारही ठरत नाहीत. पण मला यातून एक गोष्ट पक्की कळली. एकच पेशी एका कॅन्सरमध्ये वैरीण आणि दुसऱ्यात सोबतीण असू शकते, तर मग "कॅन्सर" या एका शब्दावरून कुणाचे दिवस मोजणारे आपण कोण? आणि नुसता हात लावून "टीबीच आहे" असं तरी कसं ठरवायचं?

टीबीच्याही गाठी मानेवर येतात, हे खरंच. टीबी निघाला तर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, मनानं सोडायचा नाही. पण तो टीबीच आहे, हे आधी तपासून घ्यायला नको का? लिम्फोमात सुईनं काढलेलं पाणी पुष्कळदा पुरत नाही, गाठच काढून तपासावी लागते. कुठला प्रकार, शरीरात कुठवर पसरलाय, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

दोष एकट्या डॉक्टरांचा म्हणून हात झटकता येत नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती. 1989 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तेव्हाही आपण अंगावर काढत होतो, आजही काढतोच. घरच्या गाईला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर येतो. आपली गाठ मात्र कापणीपर्यंत थांबते!

म्हणून मैत्रिणींनो, मानेत, काखेत, जांघेत गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत बसली नाही तर दाखवा. "तुकडा तपासायचा का?" हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. रिपोर्टाचा कागद जपून ठेवा. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, त्यात केमोथेरपी बसते. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं गडचिरोली होतं.

माझ्या जावेचे सहा महिने केमोत गेले. केस गेले, परत आले. यंदा ती पुन्हा बांधीत उतरली. रोवणी करता करता शेजारणीच्या मानेवरची गाठ तिला दिसली. शेजारीण म्हणाली, "दुखत नाही गं."

"म्हणूनच दाखव," माझी जाऊ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलीसुद्धा.