सल्लागार कुणाचा? गुंतवणूकदाराचा की कंपनीचा?

नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका मागील महिन्यात विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे आले. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यावर जमा होताच बँकेतील एका तरुणाने त्यांना गाठले होते. त्याच्या कार्डावर ‘फायनान्शियल प्लॅनर’ असे छापलेले. ‘एकदाच तीन लाख भरा, एफडीपेक्षा जास्त मिळेल,’ असे त्याने सांगितले. वर्षाने पुन्हा तीन लाखांच्या हप्त्याची नोटीस आली, तेव्हा उलगडा झाला. अर्जात काकांचा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिले आहे. खाली सही मात्र त्यांचीच!

सनदेशिवाय कुणी न्यायालयात वकिली केली, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ४५ नुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग हयातभराच्या कमाईवर सल्ला देणाऱ्याची सनद कोण तपासतो?

‘सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर’ म्हणजे सीएफपी हे जगभर चालणारे प्रमाणपत्र आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, अनुभव आणि ग्राहकाचे हित आधी पाहण्याची नीतिसंहिता, अशा चार पायऱ्या त्याला आहेत. ते कष्टाने मिळते, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ती सनद नव्हे. नीतिसंहिता मोडली तर देणारी संस्था प्रमाणपत्र काढून घेईल, बुडालेला पैसा परत आणणार नाही. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदणी लागते. असा नोंदणीकृत सल्लागार कायद्याने ग्राहकाचा विश्वस्त असतो आणि त्याच ग्राहकाला माल विकून कंपनीचे कमिशन घेऊ शकत नाही. काकांना भेटलेला तरुण या नियमात बसतच नव्हता. तो विमा विकत होता आणि कमिशन बँकेला मिळत होते.

सेबीने २०२० मध्ये सल्लागारासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव सक्तीचा केला होता. डिसेंबर २०२४ मध्ये पदवी पुरेशी ठरली आणि अनुभवाची अट गेली. दर्जा घसरला असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वसतिगृहात राहून बी.कॉम. झालेल्या मुलाने पाच वर्षांचा अनुभव कुणाच्या पेढीत मिळवायचा होता? परीक्षा कायम आहे, विश्वस्ताची जबाबदारी कायम आहे. खरे भगदाड दुसरीकडेच आहे. विकणारा माणूस सल्लागाराची पाटी लावून बसतो! म्युच्युअल फंड विकणाऱ्यांना ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ असे म्हणवून घेण्यास सेबीने २०२० मध्ये मनाई केली. हीच शिस्त विमा विकणाऱ्याच्या कार्डालाही लागली पाहिजे, आणि कमिशन किती मिळते ते सहीपूर्वी मराठीत लेखी दिले पाहिजे.

तोवर आपल्या निवृत्त बांधवांनी सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या यादीत तो पडताळून घ्यावा. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ती मुदत टळली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, आणि वकील असूनही सांगतो, वकिलाचीही गरज नाही. काकांनी आपल्या सहीने कंपनीला तक्रार पाठविली आहे. या ‘व्यापाऱ्या’ची शेवटची पगारपावती सोबत जोडली आहे.