पेट्रोलची टाकी उतरविताना

मोटारीला पेट्रोलचा वास यावयाचाच, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ कुटुंबे त्या वासाकडे काणाडोळा करतात. वस्तुतः सुस्थितीतील गाडीला उभी असताना असा वास मुळीच येता कामा नये. तो येत असेल, तर कोठून तरी पेट्रोल झिरपत आहे, असे निश्चित समजावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्याप्रमाणे उताराकडे धावते. ओसरीशेजारी गाडी उभी असेल, तर ती दाराच्या फटीतून घरात शिरते आणि जमिनीलगत साचून राहते. देवापुढील निरांजन असो, गॅसची शेगडी असो, की शीतकपाटाच्या बटणातील बारीकशी ठिणगी असो, तिला तेवढे पुरते. शून्याखाली सुमारे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मग आपल्याकडील वैशाखाची गोष्ट बोलावयासच नको.

गळती शोधताना वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : थेंब जेथून पडतो, तेथे दोष असतोच असे नाही. टाकीच्या माथ्यावर झिरपलेले पेट्रोल तिच्या अंगावरून ओघळत खालच्या कडेला येते आणि पाहणारा टाकीलाच दोष देतो. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि ती अर्धी रिकामी होताच तो नाहीसा होत असेल, तर टाकी बहुधा निर्दोष असते. अपराधी असते ती माथ्याजवळची एखादी रबरी नळी. पेट्रोल आत नेणारी तोंडाची जाड नळी, हवा बाहेर सोडणारी बारीक नळी, इंजिनाकडे जाणारी आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाकडून परत येणारी नळी, अशी ही मंडळी टाकीचा माथा आणि गाडीचा तळ यांमधील चार बोटांच्या फटीत दडलेली असतात. तेथे हात पोचत नाही. म्हणून वीतभर नळी बदलावयाची, तर अख्खी टाकी खाली उतरवावी लागते.

रबर का फुटते? उष्णता आणि वय ही कारणे जुनीच आहेत. टाकीवर साचलेली ओली धूळही त्यांना हातभार लावते. त्यांत अलीकडे आणखी एकाची भर पडली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग आणि गॅस्केटे त्यामुळे लवकर बदलावी लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अँबॅसडरचेही त्याच वर्षी. त्या गाड्या जपून वापरणाऱ्या घरांनी या नळ्यांकडे आता विशेष लक्ष पुरवावे.

हे काम घरी करावे काय? ज्या गाडीत पेट्रोल सुईने फवारले जाते आणि पंप टाकीच्या पोटातच असतो, तिच्या नळ्यांत इंजिन बंद केल्यावरही बराच दाब उरतो. अशी गाडी कारखान्यात न्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीचे काम मात्र ज्याचा हात पान्यांना सरावलेला आहे आणि ज्याच्याजवळ एक समजूतदार सोबती आहे, त्याला साधण्यासारखे आहे. आणि काम कारागिराकडून करवून घेतले, तरी तो काय करतो हे मालकास कळत असावे.

जागा मोकळी आणि सपाट निवडावी. गाडीखाली उतरण्यासाठी केलेला खड्डा या कामास सर्वांत वाईट, कारण वाफ नेमकी तेथेच साचते. मुलांना दूर ठेवावे. भुकटीचे अग्निशामक नळकांडे जवळ असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले, तर जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्यावा. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी. वायरीला लटकणारा विजेचा दिवा गाडीखाली नेऊ नये. काम दिवसाउजेडीच करावे.

टाकीत जितके पेट्रोल कमी, तितके बरे. दहा लिटर पेट्रोलचे वजन सुमारे साडेसात किलो भरते, आणि आत हिंदकळणारे ओझे उताणे पडून पेलणे सोपे नव्हे. उरलेले पेट्रोल हातपंपाने धातूच्या डब्यात काढावे. डबा जमिनीवर टेकलेला असावा. नळी तोंडात धरून ओढण्याची आपल्याकडील रीत प्राणघातक ठरू शकते : घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले, तर तेथे दाह होतो. कोणाच्या पोटात ते गेलेच, तर त्याला ओकारी काढावयास लावू नये, तडक रुग्णालयात न्यावे. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विनापरवाना घरी एकूण ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते आणि धातूचे एक भांडे २५ लिटरांहून मोठे चालत नाही.

रिकामी झालेली टाकी निरुपद्रवी झाली, असे समजणे हा तर मोठाच भ्रम होय. हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के वाफ असली म्हणजे मिश्रण पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते, उलट रिकामीत ती भरपूर असते. गळक्या टाकीला झाळ लावताना कारागीर दगावतात ते याच कारणाने.

गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम घोड्यांवर टेकवावी, पुढची चाके दगडांनी अडवावीत. टाकीचे झाकण उघडून दाब जाऊ द्यावा. मग टाकीखाली फळी व दुसरा जॅक लावून तोंडाची नळी सुटी करावी आणि पट्ट्यांचे बोल्ट ढिले करावेत. ते गंजलेले असावयाचेच, म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. आता टाकी एकदम खाली घेण्याचा मोह आवरावा. चार बोटे उतरवून थांबावे, कारण पेट्रोलमापकाची तार आणि बारीक नळ्या अजून वर जोडलेल्याच असतात. त्या सोडविण्यापूर्वी प्रत्येक नळीस वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. चिकटून बसलेली नळी ओढू नये, पिळूही नये. पात्याने उभी चिरून सोलून काढावी. ती टाकून द्यावयाची आहे, पण तिच्या आतील तोटी वाकली, तर नवी टाकीच घ्यावी लागेल.

नवी नळी घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये, नळीवरचे अक्षर वाचावे. कार्बुरेटरच्या गाडीस 'एसएई जे३० आर७' आणि फवाऱ्याच्या गाडीस 'आर९' अशी खूण असते. रेडिएटरच्या पाण्याची नळी दिसावयास हुबेहूब तशीच, पण पेट्रोलने ती फुगते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी काही महिन्यांत काचेसारखी कडक होते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हेच. (टाकीच्या पत्र्यातील बारीक छिद्रास कपड्याचा साबण घासून वाटेत वेळ निभावता येते, हे खरे. ती युक्ती घरी पोचण्यापुरतीच.) टाकी उतरविण्याचे कष्ट एकदा झालेच आहेत, तेव्हा फुटलेली एकच नळी न बदलता सगळ्या बदलाव्यात, मापकाखालचे गॅस्केटही नवे घालावे. क्लिपा गुळगुळीत पट्टीच्या घ्याव्यात. चिरा पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा बारीक नळीचे रबर कापतात.

बसविताना टाकीची अर्थिंगची तार विसरू नये. रबरी नळ्यांतून वीज वाहत नाही, त्यामुळे पेट्रोल भरताना साचणाऱ्या स्थिर विजेला या तारेवाचून वाट उरत नाही. प्रथम पाच लिटर पेट्रोल घालून प्रत्येक जोड कोरड्या बोटाने चाचपावा, आणि मगच बॅटरी जोडून इंजिन चालू करावे. माथ्याच्या नळ्यांची परीक्षा मात्र टाकी भरल्यावाचून होत नाही. म्हणून पंपावर ती भरून आणावी आणि गाडी रात्रभर घरापासून दूर, उघड्यावर ठेवावी. भरताना पंपाची तोटी वारंवार आपोआप बंद पडत असेल, तर हवेची बारीक नळी कोठेतरी दुमडली आहे, असे समजून टाकी पुन्हा चार बोटे खाली घ्यावी. काढलेले जुने पेट्रोल स्वच्छ असेल, तर बारीक कापडातून गाळून गाडीतच वापरावे. गंज व गाळ मिसळलेले असेल, तर ते गटारात न ओतता मोटारीच्या कारखान्यात नेऊन द्यावे.