सांडपाण्याची टाकी जमिनीखाली की जमिनीवर? नांदेड-लातूरकरांनी ठरवण्याआधी हे वाचा

इमारत बांधताना पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर बरीच चर्चा होते. सांडपाण्याची टाकी मात्र ‘खड्डा घ्या आणि झाकून टाका’ एवढ्यावर ठरते. नांदेड आणि लातूरमध्ये ही घाई महागात पडू शकते.

जमिनीखाली टाकी का बांधतात?

सांडपाणी उताराने आपोआप टाकीत जाते; मोटार लागत नाही. जागा वाचते, वास कमी येतो.

मग अडचण काय?

नांदेड गोदावरीकाठी वसले आहे. पावसाळ्यात नदीलगतच्या सखल भागात भूजल वर येते. उपसा करून रिकामी केलेली १० हजार लिटरची टाकी पाण्याने पूर्ण वेढली गेली, तर तिच्यावर वरच्या दिशेने सुमारे १० टनांचा जोर येतो. टाकी हलकी असेल तर ती उचलली जाते, पाइपचे जोड निखळतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्याचा ताण भिंतींवर येतो.

लातूरचा धोका वेगळा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात टंचाईच्या काळात बोअरचा मोठा आधार असतो. जमिनीखालची गळती दिसत नाही. खडकाच्या फटींतून सांडपाणी त्याच बोअरपर्यंत पोहोचू शकते.

जमिनीवरची टाकी बरी का?

गळती लगेच दिसते, दुरुस्ती सोपी जाते. मात्र पाणी वर चढवायला मोटार आणि वीज लागते. दोन्ही बंद पडल्यास सांडपाणी तुंबते.

काय करावे?

मोठ्या सोसायट्या आणि वसतिगृहांसाठी मधला मार्ग योग्य: जमिनीखाली फक्त लहान संप, साठवण आणि प्रक्रिया जमिनीवर, जोडीला राखीव मोटार आणि जनरेटर. लहान घराला जमिनीखालचीच टाकी परवडत असेल, तर ती जलरोधक आणि पुरेशी वजनदार हवी. उपसा करणाऱ्या गाडीचा पाइप झाकणापर्यंत पोहोचला पाहिजे.

ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगारांचा मृत्यू झाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे नकाशावर टाकीची जागा ठरवताना पहिला प्रश्न खर्चाचा नसावा. ही टाकी माणूस आत न उतरवता साफ होईल का, हे आधी विचारावे.