चित्रकर्तीचें घर

आमचे एक जुने विद्यार्थी परवां भेटावयास आले असतां त्यांनीं आम्हांस एक जाहिरात दाखविली. फ्रान्स देशांतील एका खेड्यांतला कोणी वयोवृद्ध चित्रकार आपलें जुनें दगडी घर व त्यास लागून असलेली चित्रशाळा विकूं इच्छितो. खोल्या किती, जमीन किती, छप्पर कसें, हें सर्व तींत होतें. आणि चित्रशाळेंत उत्तरेकडून उजेड येतो, हेंही आवर्जून लिहिलें होतें. उत्तरेच्या खिडकींतून ऊन आंत शिरत नाहीं. त्यामुळें उजेड दिवसभर बहुतेक एकसारखा राहतो व रंग डोळ्यांस फसवीत नाहींत. ही एक ओळ वाचून आमच्या मनांत आलें, कीं घर चित्रकाराच्याच हातीं जावें, अशी त्या गृहस्थाची आशा असावी.

त्या देशांत खरेदीखत नोटरीपुढें होतें. आधीं बहुधा करार करतात. आणि राहतें घर घेणारास करारानंतर दहा दिवस विचार बदलण्याची मुभा असते. विकणारास मात्र ती नाहीं. कायद्यानें घेणाराची काळजी वाहिली हें योग्यच झालें. परंतु त्या दहा दिवसांत विकणाराचें मन किती वेळां मागें फिरत असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

असलें घर विकावें कीं राखावें, असा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस रोझा बॉनर या चित्रकर्तीच्या घराची हकीगत आठवते. या बाई १८२२ सालीं बोर्दो शहरांत जन्मल्या. वडील चित्रकारच होते. गुराढोरांचीं व घोड्यांचीं चित्रें काढण्यांत त्यांचा हातखंडा असे. त्यांचें ‘घोड्यांचा बाजार’ हें प्रचंड चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. स्वतःच्या कुंचल्यावर मिळविलेल्या पैशांतून त्यांनीं १८५९ सालीं, फाँतेनब्लोच्या अरण्याजवळ, ‘बी’ नांवाच्या वस्तींतील एक जुनी हवेली विकत घेतली व तिला मोठी चित्रशाळा जोडली. तेथें त्यांनीं नाना प्रकारचीं जनावरें पाळलीं, सिंहदेखील पाळले. १८६५ सालीं फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः त्या घरीं येऊन त्यांना मानचिन्ह देऊन गेली. चित्रकलेसाठीं तें मिळविणाऱ्या या पहिल्या स्त्री होत.

रोझाबाईंनीं लग्न केलें नाहीं. नाताली मिकास ही त्यांची बाळपणची मैत्रीण अखेरपर्यंत त्यांच्याच घरीं राहिली व १८८९ सालीं वारली. पुढें १८९८ सालीं ॲना क्लुम्पके ही अमेरिकन चित्रकर्ती त्यांची तसबीर काढावयास आली आणि त्यांच्या आग्रहावरून तेथेंच राहिली. २५ मे १८९९ रोजीं रोझाबाई निवर्तल्या. मृत्युपत्र उघडून पाहतात तों सर्व कांहीं ॲनाबाईंच्या नांवें!

आप्तांना राग आला. जेमतेम वर्षभर घरीं राहिलेली परदेशी बाई घराची धनीण व्हावी, हें कोणत्या कुटुंबास रुचेल? परंतु आपल्या धर्मशास्त्रांत वडिलोपार्जित व स्वार्जित असा भेद केलेला आहे, तो येथें ध्यानांत घ्यावा. हें घर सर्वस्वीं स्वार्जित होतें. फ्रान्सच्या कायद्यानें मुलांचा वाटा राखून ठेवलेला असतो, भावा-पुतण्यांचा नाहीं. ॲनाबाईंनीं हक्कावर बोट ठेवून दार लावून घेतलें असतें, तरी त्यांना कोणी कांहीं करूं शकलें नसतें.

त्यांनीं तसें केलें नाहीं. १९०० सालीं पॅरिसमध्यें त्यांनीं रोझाबाईंच्या चित्रांचा व रेखाटनांचा मोठा लिलाव करविला. दोन हजारांहून अधिक वस्तु विकल्या गेल्या. आलेल्या पैशाचा वाटा त्यांनीं आप्तांस दिला. घर व चित्रशाळा मात्र आपल्याकडे ठेवली, आणि १९०८ सालीं रोझाबाईंचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध केलें. जें पैशांत मोजतां येतें तें वांटून टाकावें व जें मोजतां येत नाहीं तें सांभाळावें, असाच त्यांचा विचार असावा.

ॲनाबाई १९४२ सालीं वारल्या. पुढें त्यांच्या वारसांनीं तें घर बरींच वर्षें राखलें. पण जुनी हवेली म्हणजे बारा महिने तेरा काळ खर्च. शेवटीं २०१७ सालीं ती विकली गेली. घेणाऱ्या बाईंनीं आपल्या मुलींच्या मदतीनें घर झाडावयास घेतलें, तों माळ्यावर रेखाटनें, छायाचित्रें, कागदपत्रें यांचे ढीगच्या ढीग निघाले! तें सर्व त्यांनीं जपून लावून ठेवलें, आणि लोकांस घर पाहण्याची सोय केली. म्हणजे पाऊणशें वर्षें न विकल्यामुळें जें माळ्यावर अंधारांत पडून होतें, तें विकल्यामुळें उजेडांत आलें.

आम्हांस ही गोष्ट मनापासून लागली, याचें कारण सांगितलेंच पाहिजे. वडिलांच्या पश्चात् आम्हां भावंडांनीं राहतें घर विकलें. भाव चांगला आला, वांटणी सलोख्यानें झाली. कोणीं कोणास दुखविलें नाहीं. परंतु माळ्यावरच्या वडिलांच्या पोथ्या व हस्तलिखित टिपणें कोणींच सोडून पाहिलीं नाहींत. घर लौकर मोकळें करून द्यावयाचें होतें, म्हणून तीं रद्दींत गेलीं. घर विकल्याचें आम्हांस आज वाईट वाटत नाहीं. ते गठ्ठे न सोडल्याचें वाटतें.

म्हणून वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं घर विकण्याची पाळी आली तर लाजूं नये. मात्र खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं एकदां माळ्यावर चढावें. त्या फ्रेंच चित्रकारास उत्तरेच्या उजेडाची किंमत कळणारें गिऱ्हाईक मिळो, अशी आमची सदिच्छा आहे.